दोन बोटांची जागा

माझ्या बहिणीच्या मुलीला गोदामात सगळे टेपवाली म्हणत. नाव आम्हीच पाडलं. बारा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा गोदामात आली तेव्हा मी तिथे हमाल होतो. तिने आणि तिच्या भागीदाराने कपडे धुण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कंपनी काढली होती. ट्रकमध्ये कुठलं खोकं कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम तिला लिहायचा होता. मी म्हटलं, खोलीत बसून लिहिणार असशील तर लिहू नकोस. ये आणि उचल.

ती आली. अकरा दिवस आली. पंख्यांची, इस्त्र्यांची, पाण्याच्या पंपांची खोकी तिने आमच्याबरोबर उचलली. तिसऱ्या दिवशी तिला पाठ वाकवता येईना. चौथ्या दिवशी वेळेवर हजर. काम बघायला येणारे मी पुष्कळ पाहिले. ही काम करायला आली होती.

शेवटच्या दिवशी मी तिला माझा डावा हात दाखवला. मधली दोन बोटं शेंड्याला चपटी आहेत, त्यांना नखं नाहीत.

"रांगेतलं शेवटचं खोकं," मी सांगितलं. "बाजूला जागा नसली की ते खांद्याने ठोकून बसवावं लागतं, आणि बोटं आत अडकतात. उतरवताना तर धरायलाच काही नसतं. दोन बोटांची जागा सोड."

"दोन बोटं म्हणजे किती?"

"दोन बोटं म्हणजे दोन बोटं."

तिने टेप काढली आणि सगळ्यांना हातमोजे घालायला लावून एकेकाची बोटं मोजली. मुकादम म्हणाला, "अंगठीचं माप घेत असशील तर सोन्याचीच आण हां, टेपवाली."

"तुमच्या बोटाला अंगठी कुठली, बांगडीच लागेल," ती म्हणाली.

मुकादमाचीच बोटं सगळ्यांत जाड निघाली. त्या मापाने जागा ठरली, साडेचार सेंटिमीटर.

प्रोग्राम चालला. चौदा गोदामांनी घेतला. मग एक मोठी कंपनी या धंद्यात उतरली. त्या कंपनीचा मालसाठ्याचा प्रोग्राम आधीच सगळीकडे होता. त्याच्याबरोबर ट्रक भरायचा प्रोग्राम त्यांनी फुकट देऊन टाकला. टेपवालीची गोदामं एकेक करून गेली. कोणी भांडलं नाही, कोणी तिच्या कामाला नावं ठेवली नाहीत. "मॅडम, तुमचं चांगलंच आहे, पण ते आयतं मिळतंय," एवढंच. शेवटी भागीदार त्याच मोठ्या कंपनीत नोकरीला लागला. जाताना चहाचा कपसुद्धा न्यायला थांबला नाही. दोन खोल्यांची एक झाली. आता तिच्याकडे फक्त आमचं गोदाम उरलं होतं. ते गेलं की खोलीला टाळं.

गेल्या वर्षी गोदामाच्या साहेबांनी दोन्ही प्रोग्राम एकाच मापाच्या गाडीवर, त्याच मालावर लावून पाहिले. मी निवृत्त झालो होतो, तरी गेलो. मोठ्या कंपनीच्या प्रोग्रामने चारशे बारा खोकी बसवली. टेपवालीच्या प्रोग्रामने तीनशे शहाण्णव. पण त्यांची गाडी भरायला माणसांना सव्वादोन तास लागले, तिची दीड तासात भरली.

"साहेब, वेळही लिहा ना," ती म्हणाली.

"कुठे लिहू? वर पाठवायच्या कागदात खोक्यांचाच रकाना आहे."

"ती सोळा खोकी बोटांमुळे कमी आहेत."

"बोटं त्यात दिसत नाहीत, मॅडम. मला वर आकडा दाखवायचा असतो." साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ती जागा काढा. उद्या दुपारपर्यंत चारशे बारा करून दाखवा, मी वर्षभर तुमचंच चालवतो."

तिथून ती सरळ माझ्याबरोबर घरी आली. खुर्ची दिली तरी बसेना.

"मामा, एका ओळीचं काम आहे. साडेचारच्या जागी शून्य."

"मग?"

"मग काय? तुमची बोटं आहेत ती."

मी आयुष्यभर अर्ध्यामुर्ध्या कामाला शिव्या घातल्या. पण तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. सहा महिन्यांत पोरगी वाळून काडी झाली होती. माझी बहीण तिला रोज विचारायची, नोकरी बघतेस ना? ती रोज सांगायची, बघते.

"काढ," मी म्हणालो.

"काय?"

"काढ म्हटलं ना. कंपनी तगली तर पुन्हा घालता येईल."

मी नको म्हणावं म्हणून ती आली होती. ते मला ती गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या प्रोग्रामने चारशे बारा दाखवली, आणि तेवढी बसलीही. शेवटचं खोकं खांद्याने ठोकताना मुकादम म्हणाला, "हे तुझं वाटत नाही गं." साहेबांनी वर्षाचा शब्द दिला. त्या दिवशी कोणी कोणाची थट्टा केली नाही.

पाचव्या आठवड्यात मुकादमाची करंगळी ठेचली. तिला बँडेज दाखवत म्हणाला, "बघ, आता मापाची अंगठी मिळेल." त्या दिवशी त्याच्या वाटची खोकी तिने उचलली.

सातव्या आठवड्यात मुख्य कचेरीचा हुकूम आला. सगळ्या गोदामांत एकच प्रोग्राम, मोठ्या कंपनीचा.

"तुम्ही वर्ष म्हणाला होतात," ती म्हणाली.

"तुमच्यासाठी भांडलो, मॅडम. ते म्हणाले, दोन्ही सारखेच भरतात, मग दोन कशाला?"

सारखे मीच करायला सांगितले होते.

तिचा प्रोग्राम संध्याकाळी सहाला बंद व्हायचा होता. त्या दिवशी ती सकाळीच आली. शून्य काढून तिने पुन्हा साडेचार घातले. मग त्याच मापाची गाडी त्याच मालाने भरू लागल्यावर आत चढून प्रत्येक रांगेशी टेप लावली. एका रांगेत माप अर्धा सेंटिमीटर कमी आलं. तेवढ्यासाठी ती पुन्हा पडद्यासमोर बसली, चूक शोधली, सुधारली आणि ती रांग पुन्हा लावून घेतली. काही तासांनी पुसला जाणारा प्रोग्राम होता तो. मी दारात उभा होतो. मला तिला पुरे म्हणावंसं वाटलं नाही.

मुकादमाने शेवटचं खोकं दोन्ही हातांनी धरून जागेवर ठेवलं आणि बोटं सहज बाहेर काढली. खाली सोळा खोकी उरली.

साहेब कागद घेऊन आले. "ही का राहिली?"

"उद्या जातील," ती म्हणाली, आणि टेप गुंडाळू लागली.