नाकेदाराने पत्ते पाहिले

त्या दिवाळीला रजा एकालाच मिळणार होती आणि मागणारे आम्ही चौघे होतो. धानोऱ्याकडच्या जंगल डेपोत मी बाबू, म्हणजे कारकून. बाकीचे तिघे म्हणजे जंगलनाक्यावरचा नाकेदार, चौकीदार आणि साहेबांचा स्वयंपाकी. सकाळी जंगलात फिरतीवर निघताना साहेब म्हणाले, "संध्याकाळी मला एक नाव सांगा. भांडण नको."

माझी मुलगी दोन महिन्यांची झाली होती आणि मी तिला अजून पाहिलं नव्हतं. बायको चांद्याला माहेरी होती. सासऱ्यांच्या पत्रात एकच ओळ असायची, सर्व कुशल आहे. पोरगी काळी की गोरी, कुणावर गेली, काही नाही. मी चिडलो होतो आणि ते दिवसातून चार वेळा सगळ्यांना ऐकवत होतो. नाकेदाराचं घर मार्कंड्याच्या बाजूला. दोन दिवाळ्या त्याने डेपोतच काढल्या होत्या. त्याबद्दल तो बोलत नसे, म्हणून आम्हीही कधी विचारलं नाही.

तीन पत्तीवर ठरवू, हे स्वयंपाक्याचं डोकं. पैसे लावायचे नव्हते. गोदामातल्या पोत्यातून प्रत्येकाने पन्नास हिरडे मोजून घेतले. हिरडे संपले की तो बाद, आणि साहेब येतील तेव्हा ज्याच्यापुढे जास्त त्याची रजा. सगळे हिरडे एकदम पुढे सारण्याला आम्ही 'अख्खं' म्हणायचो. कुणी अख्खं केलं की समोरच्याने तेवढेच लावायचे, नाहीतर पत्ते टाकायचे.

जेवणं उरकून पडवीत बसलो. मी शहाण्यासारखा खेळायचं ठरवलं होतं. पत्ते पाहायचे, वाईट असले तर टाकायचे, चांगल्यांची वाट पाहायची. वाट पाहता पाहता माझे हिरडे पन्नासाचे वीस झाले. प्रत्येक डावाला पाच हिरडे आधीच टाकावे लागत, तेच मला खाऊन गेले. तेव्हा एक गोष्ट कळली. जवळ थोडे उरले की 'अख्खं' या शब्दाला कुणी भीत नाही. पुढच्या डावात दोन राजे आले आणि मी उरलेले पंधराच्या पंधरा पुढे केले. चौकीदार हसत हसत बरोबरीला आला आणि हरला. मग माझा हात चालला. तासाभरात स्वयंपाकी गेला, चौकीदार गेला. उरलो मी आणि नाकेदार. त्याच्यापुढे एकशे दहा हिरडे, माझ्यापुढे नव्वद.

नाकेदार नेहमी बंद खेळायचा. पत्ते जमिनीवर पालथे, त्यांवर तंबाखूची डबी, आणि स्वारी झाडांकडे पाहत चाल टाकायची. "पत्ते पायले का मानूस भेते," असं त्याचं म्हणणं. बंद खेळणाऱ्याने दहा टाकले की पाहून खेळणाऱ्याला वीस टाकावे लागतात, त्यामुळे त्याच्याशी खेळणं म्हणजे अंधारात काठी मारण्यासारखं. चेहरा वाचावा तर त्यालाच काही ठाऊक नसायचं.

साहेबांच्या बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज नाल्यापलीकडून आला. "हा शेवटचा डाव," स्वयंपाकी म्हणाला.

चौकीदाराने वाटले. नाकेदाराने न पाहता दहा टाकले. मी पत्ते उचलले. राणी, सत्ती, चौकी. टाकायचेच पत्ते होते. पण टाकले असते तर दिवाळी गेली असती, म्हणून मी वीस सारले.

आणि नाकेदाराने डबी बाजूला ठेवली, पत्ते उचलले आणि पाहिले.

दीड वर्षात हे मी पहिल्यांदा बघत होतो. तो कितीतरी वेळ पत्त्यांकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे. त्याने वीस टाकले. कपाळावर घाम होता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: याला यंदा घरी जायचंच आहे, म्हणून याने पाहिलं, पाहिलं म्हणून हा भ्याला. घुंगरं फाटकाशी आली होती. माझ्यापुढे पासष्ट हिरडे होते. ओंजळीत मावेनात, म्हणून दोन्ही हातांनी ढकलले.

"अख्खं!"

नाकेदाराने लांब श्वास सोडला आणि पत्ते गड्डीत खुपसून टाकले. साहेबांना माझं नाव सांगितलं गेलं.

दिवाळी करून परतलो तो अनारशांचा डबा आणि त्या डावाची गोष्ट घेऊन. डबा एका दिवसात संपला, गोष्ट आठवडाभर पुरली. राणी-सत्ती-चौकीवर अख्खं कसं केलं, समोरच्याचा चेहरा कसा वाचला, हे मी चौकीदाराला सांगितलं, गाडीवानाला सांगितलं, सह्या घ्यायला आलेल्या पटवाऱ्यालाही सांगितलं. शेवटी एकदा लाकडांवर नंबर टाकताना नाकेदारालाच छेडलं, "भाऊ, त्या दिवशी काऊन पायले पत्ते? बंद खेळले असते तं तुमीच जिंकले असते."

"म्हनून तं पायले," तो म्हणाला. "बंद खेळून चुकून जिंकलो असतो तं? हरायचं असन तं पाहूनच घ्या लागते बाबू. दोन एक्के होते."

मी विचारलं, "मंग घाम काऊन आला होता?"

"पायल्याबरोबर टाकले असते तं तुमाले शक आला असता, म्हनून वीस लावले. मंग तुमीच पत्ते टाकता का काय, म्हनून भेव वाटून राह्यलं होतं. तुमी टाकले असते तं मले जा लागलं असतं, अन् इथी चौकीदार अन् स्वयंपाकी दिवाळीभर तुमचं रडगानं आयकत बसले असते." तो हसला. मला खरं सांगायचं तर आधी रागच आला. माझा डाव त्याने माझ्या हातातून काढून घेतला होता. त्याच्या घरी त्या दिवाळीला त्याची वाट कोण पाहत होतं, हे विचारायचं मला तेव्हाही सुचलं नाही.

त्याने पुढच्या ओंडक्यावर नंबर टाकला आणि मान न वळवता विचारलं, "पोरगी कशी हाय?"

मी परत येऊन आठ दिवस झाले होते. तोवर पोरीबद्दल मी कुणाशी एक शब्दही बोललो नव्हतो.