अपिलाची मुदत चुकवणारे वकीलकाका

माझ्या वडिलांचं अपील ज्यांनी मुदतीत दाखल केलं नाही, ते वकीलकाका आज सकाळी गेले.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे. खरं बोलते.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हेही म्हणतात. आम्ही कुठे हौसेनं चढलो? घोटीच्या बाजारात दोन गटांत हाणामारी झाली. पप्पा सोडवायला मध्ये पडले. एकजण मेला, आणि पप्पाही आरोपी झाले.

काका जीव ओतून लढले, हे मी नाकारत नाही.

निकालाच्या आदल्या दिवशी म्हणाले, "पोरी, उद्या पप्पांना घरी न्यायचंय. गाडी सांगून ठेव."

मी गाडी सांगितली.

जन्मठेप झाली. त्या गाडीतून मी आणि मम्मी दोघीच घरी आलो.

"हायकोर्टात जाऊ. मी आहे ना," काका म्हणाले.

अपिलाला दोन महिन्यांची मुदत असते. मी फोन करायचे. "काम चालू आहे, काम चालू आहे." मम्मी म्हणायची, सारखं टोकू नको, मोठा माणूस आहे.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवटी नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळच्या त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. "अपिलाचा नंबर द्या."

काकांनी कपाटातून निकालाची प्रत काढली. दोरीसुद्धा सोडली नव्हती.

"माझ्याच्यानं हे वाचणं झालंच नाही गं. हातात घ्यायचो आणि तुझ्या पप्पांचा चेहरा समोर यायचा."

अंगाची नुसती लाही लाही झाली.

"तुमच्यानं वाचणं होत नाही, आणि ते तिकडे आत बसलेत!" एवढी ओरडले की बाहेरचे लोक डोकावले.

मग उशीर माफ करा म्हणून अर्ज. त्यांचा ज्युनियर म्हणाला, "सर, आजारपण दाखवू. सगळे तेच लिहितात. नाहीतर क्लार्कवर टाकू."

"नाही. चूक माझी आहे. तसंच लिही."

आणि स्वतःच्या नावानं अ‍ॅफिडेव्हिट दिलं. त्यात लिहिलं, 'हरल्याची लाज वाटली म्हणून मी कागद उघडले नाहीत, अशिलाचा यात दोष नाही.'

कोर्टातल्या बार रूममध्ये बाकीचे वकील हसले. म्हातारा येडा झालाय म्हणाले.

उशीर माफ झाला. अपील दाखल झालं. पण तोवर वर्ष गेलं. त्या वर्षात जामीनसुद्धा मागता आला नाही. ते वर्ष कोण परत देणार?

त्यानंतर मात्र काकांनी मुंबईची एकही तारीख सोडली नाही. तिथल्या वकिलाच्या मागे उभं राहून कुठला साक्षीदार काय बोलला ते सांगायचे.

अंतिम सुनावणी अजून नाहीच. तारीख, मग पुढची तारीख. दमलेय मी. खरंच दमलेय.

आज दुपारी नाशिकरोडहून पप्पांचा फोन आला. जेलचा फोन, मोजकीच मिनिटं. काका गेले म्हणून मी सांगितलं.



पप्पा म्हणाले, "लय वाईट झालं." आणि मग, "आता आपली केस कोणाला माहीत हाय गं?"

 तेवढ्यात वेळ संपली, फोन कट झाला.

काका, राग गेलेला नाही. बहुतेक जाणारही नाही. पण आज तुमच्यासाठी खूप रडले, आणि पप्पांना आता बाहेर कसं काढायचं ते मला कळत नाहीये.

रागासकट, भावपूर्ण श्रद्धांजली.