गळ्याकडे जाणारा हात

कारंज्याच्या बाजारात ती मेथी-पालकाच्या जुड्या घेऊन बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मागच्या वर्षी भरदुपारी मोटारसायकलवरच्या दोघांनी तिच्या गळ्यातली सोन्याची पोत ओढली आणि गाडी सुरू करून भरधाव पळाले. त्यानंतर कितीतरी दिवस बायका त्या गल्लीत फिरकत नव्हत्या. आता कॅमेरे लागले, चौकात पोलीस बसू लागला, गर्दीही परतली. तरी मोटारसायकल वाजली की तिचा डावा हात गळ्याकडे जातो. गळ्यात आता नुसते काळे मणी आहेत.

"आता नेण्यासारखं काय राहिलं?" मी एकदा म्हणालो.

"मले मालूम हाय भाऊ. पन हाताले कोन सांगनार?"

माझी गाडी आली तरी तो हात उठायचा. ते मला लागायचं. म्हणून परवा मी कोपऱ्यावरच गाडी बंद केली, ढकलत तिच्यापाशी आलो आणि मेथी मागितली. तिच्या हातातली जुडी खाली पडली.

जुडी उचलत ती म्हणाली, "भाऊ, गाडी चालू ठेवूनच येत जा. त्या दोघायनंबी गाडी बंद करून मेथीच मांगतली होती."