पडली तरी न मोडणारी गाडी

मास्तरांचं अर्धं आयुष्य गाडीत गेलं, पण स्टिअरिंगसमोर फारसं गेलं नाही. मोटार ड्रायव्हिंग क्लासच्या मास्तराची जागा शेजारच्या सीटवर. पायाशी एक जादा ब्रेक, एक जादा क्लच, आणि तोंडात कायम तीच वाक्यं. आरशात बघा. क्लच सावकाश सोडा. समोरचे आजोबा रस्त्यावर आपल्या आधीपासून आहेत, त्यांना जाऊ द्या. गाडी चालवायची दुसऱ्याने आणि घाम फुटायचा मास्तरांना.

रस्ताही ठरलेला. क्लासच्या फाटकातून बाहेर पडायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा, हॉस्पिटलच्या भिंतीजवळून हॉर्न न वाजवता जायचं, पेट्रोलपंपाशी उजवीकडे वळायचं की पुन्हा फाटक. पंपाशी न वळता सरळ गेलं तर हायवे लागतो, हे मास्तरांना माहीत होतं. आपल्या घराला गच्ची आहे हे जसं माणसाला माहीत असतं, तसं.

क्लास सासऱ्यांचा. क्लासच्या वरचं घरही सासऱ्यांचंच. लग्न जमलं तेव्हा मास्तर नोकरीच्या शोधात होते आणि सासरे जावयाच्या, त्यामुळे दोघांची वणवण एकाच बैठकीत संपली. सासऱ्यांना सगळं गाव मालक म्हणे, मास्तरही मालकच म्हणत. मालक खाष्ट असते तर बरं झालं असतं, भांडून तरी बाहेर पडता आलं असतं. पण त्यांनी कधी आवाज चढवला नाही. जावयाला ताप आला तर स्वतः उशाशी बसत. फक्त "जावईबापू" अशी मऊ हाक आली की मास्तरांनी समजायचं, रविवार गेला.

अशा माणसाने डोंगरात जायची मोटरसायकल घेतली, हे गावाला बरेच दिवस खरं वाटलं नाही.

गाडी एका इंजिनिअरची होती. ताडमाड उंच माणूस, मोबाइलचे टॉवर उभे करत रानोमाळ हिंडणारा. बायकोला जुळं झालं आणि तो मुकाट्याने चारचाकी शिकायला क्लासमध्ये आला. हॉस्पिटलच्या भिंतीजवळून जाताना तो एकदा म्हणाला की, उत्तरेकडच्या डोंगरांत एक रस्ता आहे, तो वर वर जातो आणि संपतो. पुढे गाव नाही, काही नाही. एक पाटी आहे आणि मग नुसता दगड. बर्फ वितळलं की उन्हाळ्यात थोडे दिवस उघडतो. मास्तरांनी त्या दिवशी त्याला पंपाशी वळायला सांगायचं विसरता विसरता सांगितलं. ज्या माणसाचा रस्ता आयुष्यभर गोल फिरला, त्याला संपणारा रस्ता म्हणजे काय, हे डोळ्यांनी बघावंसं वाटलं, यात नवल नाही. इंजिनिअरला लायसन मिळालं आणि मास्तरांना त्याची मोटरसायकल. निरोप घेताना इंजिनिअरने टाकीवरून हात फिरवला आणि तो मागे न बघता निघून गेला. पोरगी सासरी धाडताना बाप जसा रुमाल शोधतो, तसा तो खिशात काहीतरी शोधत होता.

गाडी दिसायला घोड्यासारखी आणि मास्तर तिच्यावर बसले की घोड्यावरच्या बुजगावण्यासारखे. पाय जेमतेम टेकत, तेही बोटं. गाडी तयार करायचं काम गल्लीतल्या फिटरकडे दिलं. त्याला सगळे वायसर म्हणत, कारण त्याने गाडी खोलून पुन्हा जोडली की एक तरी वायसर हमखास उरे आणि तो म्हणे, "कंपनीने जास्तीचाच दिला होता."

पण या गाडीवर वायसरने जीव लावला. पुढच्या शॉकअपमधून तेल गळत होतं, त्याची सीलं बदलली. चेन आणि तिची दोन्ही दातेरी चक्रं नवी टाकली. एअर फिल्टर झटकला तर त्यातून मूठभर टॉवरची माती निघाली. चाकाच्या एकेका तारेवर पान्याने टिचकी मारून तो कान लावून बसे आणि जी बद्द वाजेल ती आवळे. क्लचच्या केबलला चिकटवून दुसरी एक केबल आधीच ओढून ठेवली, म्हणजे डोंगरात पहिली तुटली तर नुसती टोकं बदलायची. सीटचा फोम कापून मास्तरांचे तळवे जमिनीला टेकवले. मग इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा, दोन्ही बाजूंना लोखंडी गार्ड, मुठींवर कवचं, इंडिकेटर रबराच्या दांडीचे, आणि मागे दोन पेट्या, त्यांच्याही कडांना पट्ट्या.

एवढं चिलखत कशाला, असं मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, गाडी पडणार," वायसर म्हणाला. "तिकडे दगडात सगळ्यांची पडते. पडल्यावर उचलून पुढे जाता आलं पाहिजे, त्याला म्हणायचं तयारी. न पडणारी गाडी पाहिजे असेल तर सोफा घ्या."

मालकांनी एका शब्दाने विरोध केला नाही. उलट पेट्यांची कुलपं त्यांनी स्वतः निवडली. अडचण एकच होती आणि ती त्यांनी फार हळुवारपणे मांडली. डोंगरातला रस्ता उघडतो उन्हाळ्यात आणि क्लासमध्ये गर्दी होते तीही उन्हाळ्यात, शाळा-कॉलेजं सुटली की. पहिल्या उन्हाळ्यात मालकांचा मोतीबिंदू निघाला. दुसऱ्या उन्हाळ्यात जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बसला. दोन्ही वेळेला मास्तरांनी पेट्या भरल्या होत्या आणि दोन्ही वेळेला बायकोने त्या रिकाम्या केल्या, स्वेटर पुन्हा कपाटात ठेवत.

मास्तरांची बायको म्हणजे मालकांची धाकटी. क्लासच्या ऑफिसात बसून फोन घेणं, शिकाऊंच्या वेळा लावणं आणि रडवेल्यांना पाणी देणं ही तिची कामं. बापाला ती नवऱ्यापेक्षा जास्त ओळखून होती. तिसऱ्या वर्षी उन्हाळा तोंडावर आला तेव्हा तिने परस्पर शिकाऊंच्या वेळा पातळ केल्या, शेजारच्या गावातल्या क्लासमधला एक मास्तर महिन्याच्या बोलीवर ठरवला आणि मगच जेवताना विषय काढला. मालकांनी घास गिळला आणि म्हणाले की, उत्तम झालं. फक्त आपल्या क्लासचा नियम आहे, यार्डात पास झाल्याशिवाय आपण कुणाला रस्त्यावर सोडत नाही. जावईबापूंनी एकदा यार्ड करून दाखवावं. सामानासकट.

यार्ड म्हणजे क्लासमागचं अंगण. तिथे पांढऱ्या पट्ट्यांनी इंग्रजी आठाचा आकडा काढलेला होता. त्या आठातून पाय न टेकवता बाहेर पडायचं. गावातल्या निम्म्या स्कूटरवाल्यांना मास्तरांनीच त्या आठावर आपापल्या स्कूटरी फिरवायला लावलं होतं आणि पाय टेकवणाऱ्यांची यथेच्छ थट्टा केली होती. त्यामुळे परीक्षेच्या सकाळी कुंपणाला लागून जी मंडळी उभी राहिली, ती शुभेच्छा द्यायला आलेली नव्हती.

दोन्ही पेट्या भरलेल्या, वर तंबूची वळकटी. मास्तरांनी क्लच सावकाश सोडला, आरशात बघितलं, पहिलं वर्तुळ झकास घेतलं. दुसऱ्यात शिरताना त्यांनी फाटकाकडे बघितलं. फाटक सताड उघडं होतं. एवढ्यात वजन एका अंगाला गेलं, तळवा टेकला पण तोल सावरला नाही, आणि गाडी म्हैस बसावी तशी सावकाश आडवी झाली. मास्तर शेजारी उभेच राहिले.

कुंपणावरून हसू फुटलं. एकाने विचारलं, "मास्तर, आरशात बघितलं होतं ना?"

मालक हसले नाहीत. ते काठी टेकत आले, गाडीभोवती फिरले, गार्डला काठी मारून पाहिली. गाडी उभी करायला लावली. काच शाबूत, इंडिकेटर शाबूत, लिव्हर शाबूत, रंगाचा टवका नाही. त्यांनी वायसरला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "या बाजूला पाडा बघू."

वायसरला काही कळेना. त्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान हलवली. यार्डात मालकांच्या शब्दाला मान हलवायची, एवढी सवय त्या मानेला होती. वायसरने गाडी दुसऱ्या अंगाला सोडली. धप्प. उचलली. काही नाही. मालकांनी तिसऱ्यांदा पाडायला लावली, या वेळी जरा जोराने. कुंपणावरची मंडळी हसायची थांबली.

"जावईबापू," मालक म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं, "दुचाकीच्या शिकाऊंना आपण क्लासची गाडी का देत नाही? त्यांना आपापली गाडी का आणायला लावतो? पाडतात म्हणून. आठवड्याला एक हँडल, दोन आरसे. पडून न मोडणारी गाडी मी क्लास उघडल्यापासून शोधतोय. आणि तुम्ही ती घरात बसून तयार केलीत."

त्यांनी तिथल्या तिथे मास्तरांना पास केलं. आठात पाय टेकवूनही पास झालेले ते पहिलेच. टाळ्या पडल्या. मालकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की, डोंगर कुठे पळत नाही, एवढी एक बॅच उभी करू या. आणि ते बॅचची पाटी रंगवायला सांगायला स्वतः रंगाऱ्याकडे गेले.

यार्ड रिकामं झालं. पेट्या अजून भरलेल्या होत्या, टाकी काठोकाठ होती, चावी मास्तरांच्या हातात होती. बायको ऑफिसातून बाहेर आली. हेल्मेट तिच्याच हातात होतं.

"निघा," ती म्हणाली. "बाबांना मी सांभाळते. ते परत यायच्या आत निघा."

मास्तर म्हणाले, "एवढ्या माणसांसमोर त्यांनी सांगितलंय गं."

"माणसं गेली."

"एक बॅच होऊ दे. एवढी एकच."

रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं, पण रागावण्याच्या बाबतीत ती बापाची लेक होती. तिने हेल्मेट सीटवर ठेवलं आणि तंबूच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. या वेळी स्वेटर कपाटात गेले नाहीत, पेटीत तळाशी तसेच राहिले. ते का काढले नाहीत, हे विचारायचं धाडस मास्तरांना झालं नाही.

बॅच तुफान चालली. हँडलसमोर एल बोर्ड लागला. सीट आणखी दोनदा कापून बुटक्यांसाठी खाली आणली. शाळेच्या बाई, किराणावाला, टपाल वाटणारा, सगळ्यांनी त्या गाडीवरून मनसोक्त पडून घेतलं आणि मास्तर मागचं कॅरिअर धरून आपल्याच गाडीमागे यार्डभर धावले. वायसर येता-जाता कुंपणाशी थांबे, बघे आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून निघून जाई. एकच बॅच होऊ दे म्हणता म्हणता दुसरी लागली.

त्या दुसऱ्या बॅचमध्ये दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या. बोलायला मृदू, पण दोन दिवसांत आठ काढला आणि रस्त्याची परवानगी मिळवली. रस्त्यावर जायचं तर दुचाकीवरच्या शिकाऊने पुढे चालायचं आणि मास्तरांनी क्लासच्या चारचाकीतून मागे राहायचं, म्हणजे एका फेरीत दोन शिकाऊ उरकत, ही मालकांची युक्ती. त्या दिवशी चारचाकीच्या स्टिअरिंगवर एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी शाळेत ज्यांना अंगठे धरायला लावलं, त्यांत मास्तरही होते.

पाण्याची टाकी झाली. हॉस्पिटलची भिंत झाली. पंप आला. डॉक्टरीणबाईंनी आरशात बघितलं, हात दाखवला नाही, आणि त्या सरळ गेल्या. एल बोर्डासकट, पेट्यांसकट, तळातल्या स्वेटरांसकट गाडी चढ चढली. तिचा आवाज यार्डात कधी ऐकला नव्हता असा मोकळा झाला. चौथा गिअर, मास्तरांनी ओळखलं. मग पाचवा.

हेडमास्तर गोंधळले. चारचाकी पंपासमोर घुटमळली.

"काय करायचं?" त्यांनी विचारलं. "बाई तर पुढे गेल्या. त्यांच्या मागे जायचं का आपण?"

मास्तरांच्या पायाखाली जादा ब्रेक होता, जादा क्लच होता. अॅक्सिलरेटर तेवढा त्या बाजूला नव्हता, तो कुठल्याच मास्तराला देत नाहीत. पण एक शब्द पुरला असता. हेडमास्तर शब्दाची वाट बघत, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसले होते. चढावर मोटरसायकल आता ठिपक्याएवढी दिसत होती. मागून कुणीतरी हॉर्न दिला, ओळखीचा, मास्तरांचाच कुणी जुना विद्यार्थी.

"येतील त्या," मास्तर म्हणाले. "तुम्ही उजवीकडे घ्या. आणि क्लच सावकाश सोडा, सर."