तिसरा वास

काकूंचं नाक ही त्या इमारतीतली सगळ्यात भरवशाची गोष्ट होती. कुणाचं दूध उतू जायला आलंय, कोणत्या मजल्यावर वायर तापलीय, हे त्यांना जिना चढतानाच कळायचं. शेजारी म्हणत, काकू दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसत नाहीत, कारण त्यांना बसल्या जागी सगळं समजतं.

या नाकावर काकूंनी सव्वीस वर्षं एकच केक केला. पाच थरांचा, गडद चॉकलेटचा, दोन थरांमध्ये लोणी आणि कोको फेटून लावलेला. कोपऱ्यावरच्या कॅफेत असे आठवड्याला तीन जायचे आणि एकही उरायचा नाही.

मूळ केक होता वडिलांच्या गोष्टीतला. वडील चित्रपटगृहाच्या दारावर तिकिटं फाडायचे आणि जेवताना मुलीला एका आंधळ्या अस्वलाची गोष्ट सांगायचे. अस्वल जंगलात वाट चुकलेलं. इकडे म्हातारी चॉकलेटचा केक भाजायला घेते. पहिला थर भाजला की वास ओढ्यापर्यंत जातो, दुसऱ्याला टेकडीपर्यंत, आणि पाचव्याला थेट अस्वलाच्या नाकाशी. मग ते त्या वासाच्या मागून घरी येतं.

"आणि तिनं चारच थर केले तर?" मुलगी विचारायची.

"मग बसलं ते जंगलात," वडील म्हणायचे. "जेव आता."

त्या घरात चॉकलेट कधी आलं नाही. तो वास काकूंनी गोष्टीतच घेतला आणि बत्तिसाव्या वर्षी, स्वतःचा ओव्हन आल्यावर, तो जुळेपर्यंत केक बिघडवले.

ओव्हनच्या बटणावरचे आकडे कधीच पुसले गेले होते. आच कधी जास्त, कधी कमी, म्हणून घड्याळ लावण्यात अर्थ नव्हता. काकू वासावर चालायच्या. आधी साखरेचा वास सुटतो, मग अंड्याचा, आणि मग तिसरा. तिसरा आला की थर बाहेर. आधी काढला तर मध्ये चिकट, नंतर काढला तर कडू.

यंदा थंडीत काकूंना ताप आला आणि दोन आठवडे अंथरुणाला खिळवून गेला. जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, वाट बघायची. वाट बघता बघता पाचवा महिना लागला. हे घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. कॅफेवाल्याला त्यांनी हात दुखतो म्हणून सांगितलं होतं.

परवा तो स्वतः जिना चढून आला. "काकू, काचेच्या कपाटातला तुमचा खण रिकामा ठेवलाय मी. पण केकच्या कंपनीचा माणूस त्यासाठी रोज येऊन डोकं खातो. रविवारी संध्याकाळपर्यंत एक केक आणून द्या, पहिल्यासारखा. म्हणजे त्याला वाटेला लावतो."

"आणीन की," काकू म्हणाल्या.

रविवारी दुपारी त्यांनी सुनेला ओव्हनसमोर उभं केलं. मिश्रण काकूंनीच केलं होतं. हाताला सगळं आठवत होतं.

"इथं उभी राहा. हलायचं नाही. बोलायचं नाही."

"श्वास घेऊ ना, आई?"

"तेवढ्यासाठीच तर ठेवलीय तुला."

सून हसली आणि ओव्हनच्या दाराजवळ नाक नेऊन उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "साखर." काकूंनी मान हलवली. मग बराच वेळ काहीच नाही. काकू तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. खालच्या मजल्यावरून शिंपीकाकांचा आवाज आला.

"काकू, वर काही करपतंय का हो? कापडाला वास धरेल माझ्या."

ओव्हनचं दार उघडलं तर धूर. थर कडेनं काळा पडला होता.

"आई, खरंच मला नाही कळलं," सून रडकुंडीला आली. "साखरेचा आला, मग सगळं एकसारखंच वाटत राहिलं."

काकूंची नजर बाहेरच्या गॅलरीतल्या नळाकडे गेली. थर ओव्हनमध्ये ठेवला की त्या भांडं घासायला गॅलरीत जायच्या. परत यायच्या, मग अंड्यांची टरफलं टाकायला जायच्या. परत यायच्या, मग फडकं धुवायला. दर वेळी बाहेरची हवा खाऊन आत आलेल्या नाकाला नवा वास चटकन कळायचा. एका जागी उभं राहिलेलं नाक पाच मिनिटांत मरतं.

"चूक तुझी नाही," त्या म्हणाल्या. "मी सव्वीस वर्षं समजत होते की मी भांडी घासतेय."

दुसऱ्या थराला सून गॅलरीत जाऊन येऊ लागली. "साखर," पहिल्या फेरीला म्हणाली. पुढच्या फेऱ्यांत काही नाही, आणि मग "अंडं, नक्की अंडं." काकूंच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत प्रथमच रंग आला.

"जा, जाऊन ये. आता तिसरा."

सून गेली, आली आणि दारातच थांबली. "काहीतरी वेगळं आहे, आई. हाच का तो? कसा असतो?"

काकूंनी सांगायला तोंड उघडलं. भाजलेल्या दाण्यासारखा? नाही. ओल्या लाकडासारखा? तसाही नाही. शब्द एकामागून एक येत होते आणि एकाच्याही मागे काही नव्हतं. त्यांना वाटत आलं होतं की नाक बंद पडलं असलं तरी वास आत जपून ठेवलेला आहे. आता त्या शोधत होत्या आणि आत काही सापडत नव्हतं. त्यांनी अस्वलाची गोष्ट मनात म्हणून बघितली. अस्वल दिसलं, म्हातारी दिसली. वास आला नाही.

"आई, काढू का?"

"मला नाही माहीत गं."

सुनेनं अंदाजानं थर काढला, निवल्यावर तुकडा तोडून खाल्ला. "छान झालाय."

"छान असेल. पण तोच आहे का?"

सुनेला खोटं बोलता येत नव्हतं. "लग्न झालं त्या वर्षी मी तुमचा केक लक्ष देऊन खाल्ला असेन. नंतर रोजचाच झाला, आई. नाही सांगता येत."

मुलाला विचारण्यात अर्थ नव्हता, त्याला गोड आवडत नसे. काकूंनी ओव्हन बंद केला.

"अजून तीन थरांचं मिश्रण उरलंय," सून हळूच म्हणाली.

"उरू दे."

संध्याकाळी त्या एकट्याच कॅफेत गेल्या. रिकाम्या हातांकडे बघून कॅफेवाल्यानं गल्ल्यामागून खुर्ची पुढे ओढली.

"हात अजून दुखतोय?"

"हाताला काही झालेलं नाही. वास गेलाय माझा." त्यांनी सगळं सांगितलं. करपलेल्या थराचंही.

त्यानं ऐकून घेतलं. "पुढच्या महिन्यात बघू या का?"

"नको. खण देऊन टाक त्याला."

"तो आजच नमुना ठेवून गेलाय," कॅफेवाला ओशाळून म्हणाला. मग काय करावं ते न सुचून त्यानं चहा सांगितला आणि त्या केकचा एक तुकडा बशीत घालून काकूंपुढे ठेवला. "तुम्हीच बघा, चालेल का लोकांना. सव्वीस वर्षं तुम्ही केलाय."

काकूंनी घास घेतला. जिभेला नुसतं गोड लागलं, चॉकलेटचं काही कळलं नाही. त्या सावकाश चावत राहिल्या.

"कसा आहे?" त्यानं विचारलं.

"मऊ आहे," काकू म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला.