इतिवृत्त कायम

धुळ्यातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या मंडळाचा मी नऊ वर्षं अध्यक्ष होतो. माझं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नसतं, हे अंगात मुरलेलं. तीच खोड मी संस्थेत नेली आणि वर तिला चांगुलपणा समजत राहिलो.

व्यवस्थापिका आम्ही जळगावहून आणल्या होत्या, तिथल्या मेहरूण भागातल्या. पहिल्याच सभेत त्यांनी सरळ सांगितलं, “मंडळाचं काम कुठलं आणि माझं कुठलं, ते लिहून द्या.” मला जरा लागलंच. पण ठराव मीच सांगितला आणि सचिवांनी तो उतरवून घेतला: धोरण आणि नेमणुका मंडळाच्या; रोजचं कामकाज आणि कर्मचाऱ्यांच्या कामाची वाटणी व्यवस्थापकाची, त्यात कोणीही सभासद परस्पर ढवळाढवळ करणार नाही. ‘ढवळाढवळ’ हा शब्द माझाच. तो मला फार आवडला होता.

वर्षभरात आचाऱ्याचं प्रकरण झालं. आदल्या दिवशीचं उरलेलं वरण तो ताज्यात मिसळायचा. बाईंनी दोनदा समज दिली आणि तिसऱ्यांदा त्याला चुलीवरून काढून भाजी निवडायला बसवलं. तो तडक माझ्या दुकानात आला. वसतिगृहातल्या ज्या कुणाचं काही दुखायचं तो माझ्या गादीच्या कडेला येऊन बसायचा, चहा प्यायचा, आणि मला वाटायचं, काय आपली लोकप्रियता!

“भाऊ, माले आठे पंधरा वरीस व्हयनात,” तो म्हणाला. “आते मी काय भाजी निवडत बसू?”

माझ्या मुलीच्या लग्नातली शेवभाजी त्याच्याच हातची होती. मी फोन उचलला आणि थेट स्वयंपाकघरात सांगितलं, उद्यापासून हा चुलीवर. बाईंना कळवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. बसल्या नाहीत. “भाऊ, मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच तुम्ही विचारलं नाहीत.”

“अहो, एवढं काय मनाला लावून घेता,” म्हणून मी हसून वेळ मारून नेली. त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन आठवड्यांनी, ऐन उन्हाळ्यात, अकरा मुलींना उलट्या सुरू झाल्या. वरण शिळं होतं. मुली चार दिवसांत बऱ्या झाल्या, पण तोवर नरडाण्याकडचे, पारोळ्याकडचे आईबाप फाटकाशी येऊन उभे राहिले होते. तातडीची सभा बोलावली. उपाध्यक्षांनी विचारलं, “काढलेला माणूस पुन्हा चुलीवर बसवला कोणी?”

“अध्यक्षांना विचारा,” बाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी ठरावाची वही ओढली, चष्मा लावला आणि वाचलं, “कर्मचाऱ्यांच्या कामाची वाटणी व्यवस्थापकाची.” पुढचं ढवळाढवळीचं वाक्य वाचलं नाही. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, आणि आज त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

इतिवृत्तात लिहिलं गेलं: व्यवस्थापिकेच्या हलगर्जीमुळे. त्याच आठवड्यात बाईंनी राजीनामा दिला.

महिन्याने पुढची सभा. नेहमीप्रमाणे विषय पहिला, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. सचिवांनी वाचून दाखवलं आणि विचारलं, “काही दुरुस्ती?” ‘दुरुस्ती आहे’, एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. सकाळी दाढी करताना मी ते आरशासमोर म्हणूनही पाहिले होते. पण तोंडातून निघालं, “कायम.” आणि मी खाली सही केली.

पुढे जळगावातल्या एका संस्थेत बाईंना नोकरी मिळत होती. त्या संस्थेने आमच्याकडे चौकशी केली, तेव्हा आमच्या कारकुनाने त्याच इतिवृत्ताची नक्कल पाठवली. ती नोकरी हातची गेली. हे कानावर आलं तेव्हा मी जळगावची बस पकडली. पारोळ्याला बस थांबली तेव्हा तिथेच उतरून मागे फिरावं, असंही मनात आलं.

बाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. मी म्हणालो, “चूक माझी होती. माफ करा.”

“ते मला माहीत आहे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मला सांगून काय होणार? जिथे बोलायचं होतं तिथे बोला. आणि लिहून घ्यायला लावा.”

पुढच्या सभेत ऐनवेळच्या विषयात मी उभा राहिलो आणि फोनपासून सहीपर्यंत सगळं सांगितलं. कोणी रागावलंसुद्धा नाही. उपाध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बसा भाऊ. तुमचं मन मोठं. पण हे आता कागदावर कशाला? संस्थेचं नाव जातं.”

“लिहून घ्या,” मी म्हणालो.

सचिवांनी उपाध्यक्षांकडे पाहिलं. उपाध्यक्षांनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात चहा आला, कप फिरले आणि गोष्टी यंदाच्या प्रवेशांवर गेल्या. पेनाला टोपण लागलेलं मला दिसत होतं. मी पुन्हा म्हणालो असतो तर त्यांना लिहावंच लागलं असतं, अध्यक्ष मी होतो. मी माझा कप उचलला.

ती वही अजून कपाटात आहे. तिच्यात हलगर्जी बाईंची आहे, आणि खाली सही माझी.