जनीची बांबूची काडी

आमची जनी गेली त्याला सव्वा महिना झाला. पालघरच्या दवाखान्यात मी खाली चहा प्यायला गेलो होतो, वर आलो तर नर्सनं चादर तोंडावर ओढलेली. शेवटच्या घडीला बायकोजवळ नव्हतो, त्याचं दुःख आहेच. पण लाज वाटते ती बाराव्याची. त्या दिवशी डॉमनिक, आमचा जुना गिटारवाला, चार माणसांत म्हणाला, "अण्णांसारका कान अख्ख्या बोईसरात नाय. नुसतं ऐकून अँप्लिफायरचा फॉल्ट सांगतात." समोर जनीचा हार घातलेला फोटो. मी मान खाली घालून ऐकत बसलो... तो कान माझा नव्हता, जनीचा होता. तिथं तोंड उघडलं नाही म्हणून आता लिहितो. चौथी शिकलेला माणूस मी, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कारखान्यात वायरमन होतो. पॅनलमध्ये वायरी अशा बसवायचो की फूटपट्टी लावून बघावं. ड्युटीवरून आलो की घरच्या पडवीत रेडिओ आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचे अँप्लिफायर दुरुस्त करायचो. आणीबाणी उठली त्या सुमाराला डॉमनिकनं त्याचा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या नळ्यांचा, गिटार अँप्लिफायर आणला. ट्रान्सफॉर्मर जळालेला. मी नवा बसवला, आणि जुन्या वायरींचं जंजाळ बघवेना म्हणून सगळ्या नव्या टाकल्या. सरळ, शेजारी शेजारी, दोऱ्यानं बांधून, कारखान्यातल्या पॅनलसारख्या. चालू केला तर गिटारला हात लावायच्या आधीच घूंऽऽ... व्हॉल्व्ह बदलले, कंडेन्सर बदलले, अर्थिंग परत केलं. तीन दिवस गेले, आवाज हटेना. आणि शनिवारी डॉमनिकला दांडी गावच्या एका हळदीला वाजवायचं होतं.

जनी दांडीचीच. बोंबील वाळवायच्या बांबूची एक चिरफळी माहेराहून आणून, तासून तिनं मला काडी करून दिली होती. अँप्लिफायरच्या आत तीन-चारशे व्होल्ट असतात, चालू असताना वायर हलवून बघायची तर सुक्या लाकडानंच. त्या दिवशी डॉमनिक समोर बसलेला. जनी कोलंबी सोलता सोलता उठली, हात पुसले, काडी घेतली आणि व्हॉल्व्हच्या आत तापून पेटतो त्या दिव्याची वायर हळूच उचलली. आवाज निम्मा झाला. सोडली, परत वाढला.

"अवो, या दोन वायरींना आधी पीळ होता, दोरीसारका. तुमी सरळ केल्यात नि गिटारच्या वायरीला चिकटवल्यात. थितूनच घुमतंय."

मला तिथल्या तिथं पटलं. पण डॉमनिक हसला ना! "अण्णा, वहिनी तुमची मास्तरीण झाली." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "कोलंबी सोल गपचूप. मच्छीचे हात माझ्या कामाला लावू नको."

तिनं काडी जागेवर ठेवली...

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी दोरे कापले, दोन्ही वायरींना पीळ घातला, गिटारच्या वायरीपासून लांब नेल्या. आवाज गेला. डॉमनिकला सांगितलं, "तीन दिवस कान लावून बसलो, तेव्हा सापडला." जनी चहा घेऊन आली होती. तिनं वाकून आतला पीळ बघितला, माझ्याकडे बघितलंच नाही. "डॉमनिकभाऊ, साखर पुरे ना?"

त्यानंतर अँप्लिफायरविषयी ती माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. पण मी ड्युटीला गेलो की उघडा डबा चालू करून ऐकायची. संध्याकाळी यायचो तर काडी आत ठेवलेली, टोक बरोबर एका जागेवर. कधी कंडेन्सर, कधी व्हॉल्व्हचा सैल झालेला सॉकेट. मी गुपचूप तिथंच सोल्डर लावायचो. वीस वर्षं हे चाललं. नाव माझं झालं. जने, तू शोधलंस, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? माफी तर लांबच राहिली.

डॉमनिक, तू हे वाचशील. बाराव्याला तू तोच अँप्लिफायर ठेवून गेलास, "परत घुमतोय अण्णा, सवडीनं कान लावा." मी तो उघडून ठेवलाय. रोज सकाळी चालू करतो, काडी आत ठेवतो आणि स्टेशनापर्यंत फिरून येतो. आलो की वाकून बघतो.

मी ठेवली तशीच असते.